पोरगी कागलला गेलीया

मी साक्षी. भारताकडून नवा चेंडू टाकते. समोरच्या बॅटर मला घाबरतात असं पेपरात छापून येतं, ते वाचून मला हसू येतं. कारण कित्येक महिने मीच दारावरच्या थापेला घाबरत होते.

उत्तेजकांची तपासणी करणारे न सांगता येतात. रोज एक तास आपण कुठं सापडू ते आधी कळवून ठेवायचं आणि त्या तासात तिथून हलायचं नाही. वर्षात तीनदा सापडलो नाही तर दोन वर्षं क्रिकेट बंद. माझे दोन झाले होते. एकदा विमान बदललं आणि कळवायचं राहिलं, एकदा बंगळूरच्या हॉस्टेलची बेल बिघडली होती. पाठ दुखावली म्हणून मी मंगळवार पेठेतल्या घरी आले होते, पुढच्या आठवड्यात दौऱ्यावर निघायचं होतं. माझा तास सकाळी सहा ते सात.

आमच्या दाराची राखण वडिलांची थोरली बहीण आक्काताई करते. माझी आत्ती. मी टीव्हीवर दिसायला लागल्यापासून दारात ही रांग. कुणाला सेल्फी पाहिजे, कुणाला सत्काराला न्यायचंय, एकाला तर मला जेसीबीवर बसवून गुलाल उधळायचाय. आत्तीनं सगळ्यांवर एकच उपाय काढला, "पोरगी कागलला गेलीया." कागल वीसेक किलोमीटरवर, तिथं आमचं कुणीसुद्धा नाही. पण ती हे इतक्या तोऱ्यात सांगते की हळूहळू सगळी गल्लीच तेच सांगायला लागली. मलाही गंमत वाटायची. माझ्या तासाचं मी तिला समजावलं होतं, ती भाजी निवडत "व्हय व्हय" म्हणाली होती.

त्या सकाळी जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. खाली आले तर आत्ती माझं दूध ढवळत होती.

"आलती बग दोघं. एक बाई नि एक बाप्या, गळ्यात पट्ट्या. पेपरवाली असतील. हंबीररावाला म्हटलं, ने जा रिक्षातनं कागलला."

सात वाजत आले होते. गल्लीतल्या रिक्षावाल्या हंबीररावांना फोन लावला, उचलेनात. "आत्ती, माझं क्रिकेट घालवलंस तू," एवढंच तोंडातून आलं आणि मी अनवाणीच बाहेर पळाले. पाठीतून कळ येत होती. आयुष्यात इतकी भ्याले नव्हते. कोपऱ्यावर वळले तर चहाच्या गाड्याशी रिक्षा उभी. ती दोघं हातात कप घेऊन अवघडून उभी होती.

"पावणं पैल्यांदा आल्यात," हंबीरराव म्हणाले, "च्या पाजल्याबिगर कसं सोडू?"

बाईंनी घड्याळ पाहिलं, मग माझे पाय. "तुम्ही कागलला होता ना?"

"घरातच होते मॅडम. आत्ती खोटं बोलली. माझा तास अजून संपला नाही, नमुना घ्या. पाया पडते."

त्या आल्या. बाथरूमचं दार उघडं, बाई समोर उभ्या, आणि भीतीनं लघवीच होईना. तांब्यावर तांब्या पाणी प्याले. मधे बाहेर आले तर आत्ती पदरानं डोळे पुसत होती. तिला बाजूला घेऊन मी चांगलंच झापलं. "हितनं म्होरं या बाईंसमोर एक अक्षर खोटं बोलायचं न्हाय. कळलं?" तिनं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बघून मान हलवली.

शेवटी एकदाचं झालं. नमुन्याच्या दोन्ही बाटल्या भरल्या, झाकणं नियमाप्रमाणं मीच घट्ट पिळून लावली. वाचले, असं वाटलं. बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, "गेल्या आठवड्यात काही औषध, पावडर, काढा?"

"काहीच नाही." मी डोकेदुखीची गोळीसुद्धा टीमच्या डॉक्टरांना विचारून घेते.

"न्हाय कसं?" आत्ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "खोटं नगं बोलूस साक्षी. तुज्या दुधात ताकदीची पावडर घालतोय की मी रोज. पाठीसाठनं. तालमीतल्या सम्राटनं आणून दिलीया."

बाईंचं पेन थांबलं. "कसली पावडर?"

"डब्यावर नाव न्हाय बगा. पर तालमीतली पोरं कशी दांडगी झाल्यात."

मी टेबलाकडं बघत राहिले. ज्या बाटल्या भराव्यात म्हणून जीव तोडून पळाले, त्या तिथं बंद होऊन बसल्या होत्या. आता त्या माझ्या हातानंही उघडणार नव्हत्या.

"तो डबा आणा," बाई म्हणाल्या.

आत्तीनं एका हातात डबा आणला, दुसऱ्या हातात माझा दुधाचा पेला. तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच मोकळा दिसत होता.

"या बारीला खरं बोललो न्हवं मी?"

"व्हय, आत्ती," मी म्हणाले. तिच्या हातातला पेला घेतला आणि टेबलावर ठेवून दिला.