चार स्क्रूंवरचा पंखा

बाबांना माझ्याकडून फार काही मिळवायचं नव्हतं. दर रविवारी दहा मिनिटं, बस्स. तेवढ्यासाठी त्यांनी मला विकत घेतलं. मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून मिरवतो तसला नव्हे. तळहाताएवढा, काळा, सात पात्यांचा. घरच्या कॉम्प्युटरच्या पाठीत बसून त्याच्या पोटातली उष्णता बाहेर काढायची, हे माझं काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या एका बाईने माझ्या कुशीवर बाण उमटवला. वारा कोणत्या दिशेला जाणार ते दाखवणारा बाण. “खुणा करायच्या आपण, बघायच्या कुणी?” असं ती शेजारणीला म्हणाली आणि तिने मला खोक्यात घातलं. पुढची दोन वर्षं मी दुकानाच्या फळीवर काढली. फळीवरच्या वस्तूला एकच ओढ असते, की आपण कुणाच्या तरी घरी लागावं.

बाबा चाळीस वर्षं मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करत आले होते. दुकानदाराने विचारलं, “बसवून देऊ का?” तर ते हसले. “अहो, आयुष्यभर तापलेली इंजिनं थंड केली. हे खेळणं मला बसवता येणार नाही होय?”

घरात कॉम्प्युटर होता तो लेकीचा. ती लांब नोकरीला गेली आणि तो मागे ठेवून गेली. ती होती तिथे साधा फोन धड लागत नसे. म्हणून रविवारी दुपारी ती पडद्यावर यायची. पहिला मान आईचा. शेजारणीच्या गुडघ्यापासून सुरुवात होऊन गळक्या नळापर्यंत यायला आईला वीस मिनिटं लागत. मग “थांब हं, बाबांना देते” म्हणत ती उठायची आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. तो निवून परत सुरू होईपर्यंत लेकीची कामावर जायची वेळ झालेली असायची. सहा महिने बाबांच्या वाट्याला काळा पडदा आणि त्यात दिसणारं स्वतःचंच तोंड आलं.

“मला कुठे बोलायचंय?” ते म्हणत. “खुशाली कळली की झालं.” पण दर रविवारी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आईच्या मागच्या खुर्चीत हजर. ज्याला बोलायचंच नाही तो दाढी कशाला करेल, तुम्हीच सांगा.

बाबांनी मला चार स्क्रूंवर पाठीमागच्या जाळीला बसवलं, पण उलटं. त्यांच्या धंद्यात तापलेल्या वस्तूवर वारा सोडतात. म्हणून मी बाहेरची हवा आत ढकलावी असं त्यांनी ठरवलं. माझ्या कुशीवरचा बाण त्यांच्या अंगठ्याखाली झाकला गेला होता.

“तुमची मोटार पळते, गरम हवा मागे टाकत जाते, तिचं निराळं,” आई भाजी निवडता निवडता म्हणाली. “ह्याला कुठे पळायचंय?”

बोलली ती अगदी बरोबर. पण यंत्राच्या बाबतीत आईचं मत घ्यायची त्या घरात पद्धत नव्हती.

माझ्या डोक्यावर, कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात, एक थोरला पंखा होता. तो बिचारा गरम हवा बाहेर टाकायचा आणि मी तीच ओढून पुन्हा आत घ्यायचो. “अरे घरबुडव्या,” तो करवादायचा, “मी दारातून हाकलतो त्यालाच तू खिडकीतून बोलावतोस?” मला का कळत नव्हतं? पण पंखा आपलं तोंड आपण फिरवू शकत नाही. कॉम्प्युटर आता वीसऐवजी सतरा मिनिटांतच बंद पडू लागला.

चौथ्या रविवारी आईने नेमक्या वेळेला पिठाचा डबा काढला. “माझे हात भरलेत. आज तुम्ही बसा आधी.” हात भरलेले नव्हते. डब्याचं झाकण अजून लागलेलं होतं. माझी जाळी स्वयंपाकघराकडेच होती, मी पाहिलं.

बाबा बसले. “हं,” ते म्हणाले.

“हं,” लेक म्हणाली.

त्या दोघांचं असंच. काही बिघडलं तर तासन्‌तास बोलणार, सगळं सुरळीत असलं की दोघंही मुके.

“पंखा बसवलाय,” बाबा शेवटी म्हणाले. “तरी तापतंय.”

“कुठला पंखा? कॅमेरा मागे फिरवा बघू.” बाबांनी फिरवला. “अहो बाबा, उलटा लावलाय!”

“उलटा कसा? वारा गरमावर नको का यायला?”

“नको! गरम हवा बाहेर काढायचीय. त्याच्या कुशीवर बाण असतो, बघा.”

बाबांनी चष्मा लावला, बाण पाहिला आणि कपाळावर हात मारला. “चाळीस वर्षं धंदा केला मी!” लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबाही हसले. तेवढ्यात पडदा काळा झाला, तरी ते हसतच होते.

त्याच दिवशी त्यांनी मला सुलटं बसवलं. थोरल्याने मला माफ केलं. कॉम्प्युटर दोन दोन तास चालू लागला. आईचं बोलून व्हायचं, बाबांची पाळी बिनचूक यायची. आणि तिथेच घोटाळा झाला.

“बरी आहेस?”

“हो. तुम्ही?”

“बरा. मशीन छान चालतंय.”

“वा. आईला द्या परत.”

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी बाबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्यापाशी आले. इकडेतिकडे पाहिलं आणि माझा एक स्क्रू दोन आटे सैल केला.

रविवारी मी खडखडलो. “बाबा, कसला आवाज?” लेकीने विचारलं.

“तेच तर. बघ बाई, मला काही कळेना.”

झालं, अर्धा तास गेला. ती सांगणार, हे चाचपणार. मधूनच ती विचारायची, “जेवलात का?” मधूनच ते सांगायचे की गुडघ्यामुळे आता आठवड्यातले दोन दिवस गॅरेज बंदच ठेवतो. हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. शेवटी स्क्रू सापडायचा. पुढच्या शनिवारी दुसरा स्क्रू सैल व्हायचा.

“दर आठवड्याला कसे हो सैल होतात?”

“टेबल हलतं जरा.”

स्वयंपाकघरात आईला खोकला यायचा. तिने स्क्रू ड्रायव्हर पाहिला होता. पण नवऱ्याची लबाडी लेकीला सांगण्याइतकी ती कच्ची नव्हती. सैल राहून फिरल्याने माझं बेअरिंग झिजत होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. दर रविवारची मीही वाट पाहत होतो.

दीड वर्षाने लेक सुट्टीवर आली ती काखेत चपटं, नवं मशीन घेऊनच. दुरुस्ती करणाऱ्याची लेक ती. बिघाड मुळापासून काढायचा, हे तिने बाबांकडूनच उचललेलं. “ह्यात पंखाच नाही, बाबा. आता तुम्हाला काही बघायला नको.”

“राहू दे की जुनं,” आई घाईने म्हणाली.

“आई, किती दिवस ती खडखड ऐकणार?”

बाबांनी नवं मशीन उचललं, पालथं केलं, कडेने बोट फिरवलं. एकही स्क्रू दिसेना. “छान आहे,” ते म्हणाले. “आवाजच नाही.”

आता मी खिळ्यांच्या खणात आहे. अंगावर धूळ आहे, पण धुळीचं दुःख नाही. पलीकडच्या खोलीत रविवारी बाबांचा आवाज येतो, “बरी आहेस?” मग लगेच आईचा. बाबा कधी कधी खण उघडतात आणि बोटाने माझी पाती फिरवतात. मी गरगर फिरतो, थांबतो. ते खण लावून घेतात.

मित्रांनो, घरात नवी वस्तू जरूर आणा. पण जुनी काढण्याआधी तिच्यावरून कोण कुणाशी बोलतं, तेवढं पाहून घ्या. वडीलधारी माणसं त्याच त्या बिघाडाबद्दल पुन्हा पुन्हा विचारू लागली, तर चिडू नका. खुर्ची ओढून बसा.

राहिला हिशोब. लेकीने पै पै साठवून मशीन आणलं. आईने तोंड मिटून घेतलं. मी झिजलो, पण कामात झिजलो. आणि बाबांनी, कुणी मागितलेला नसताना, लेकीला विचारायचा आपला एकुलता एक प्रश्न, माझी खडखड, ‘छान आहे’ म्हणत देऊन टाकला.