दोन दिवसांची ओल

"तू इस्त्री फिरवलीस? फोटोवर?"

"थेट नाही गं. वर फडका टाकला होता की," दादा म्हणाला. वर तोंड करून म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं मी इस्पितळात एक्स-रेच्या फिल्म धुतल्या. फिल्म असो वा फोटो, त्यावरच्या चित्राच्या ओल्या थराला उष्णता लागली की तो वितळतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. निवृत्त झाल्यापासून लोकांचे गुंडाळी झालेले जुने फोटो घरी सरळ करून देते. परकी माणसं विश्वासाने आणून देतात, आणि माझ्या सख्ख्या भावाने माझ्याच घरात हे दिवे लावले.

फोटो आईच्या छापखान्यातल्या बायकांचा. तिच्या एका नव्वदीच्या मैत्रिणीच्या ट्रंकेत नळीसारखा गुंडाळून पडला होता. तिने निरोप पाठवला, उजवीकडून पहिली तुमची आई. आईचा दुसरा फोटोच नाही. ती गेली तेव्हा दादा सात वर्षांचा होता आणि मी चार महिन्यांची. मला तिचा चेहरा आठवणं शक्यच नाही.

तसाच उलगडला असता तर तडकला असता. म्हणून झाकणाच्या डब्यात ओला टीपकागद, वर जाळी, जाळीवर फोटो. दोन दिवस ओल लागली की कागद आपणहून सैल होतो, मग कोरड्या टीपकागदांत घालून आठवडाभर वजनाखाली ठेवायचा. वहिनी गेल्यापासून दादा माझ्याकडेच असतो. झाकणाला हात लावू नकोस, म्हणून त्याला दहादा बजावलं होतं. मी तासभर बाजारात काय गेले!

"सैल झाला होता गं. म्हटलं, तू येईस्तोवर सरळ करून ठेवू. तुला बरं वाटेल."

"मोठा उंटावरचा शहाणा. फडका कुठाय?"

"शेवटी एका टोकाला चिकटला. ओढून काढला, बादलीत भिजत टाकला."

मी धावले. बादलीतलं पाणी करडं झालं होतं, फडक्यावर काहीच उरलं नव्हतं. फोटो टेबलावर पडला होता, अगदी सपाट. अकरा जणी स्वच्छ दिसत होत्या, एकीच्या तर हातातल्या बांगड्या मोजता येत होत्या. उजव्या टोकाच्या बाईला गळ्यापासून वर नुसता पांढरा कागद होता.

"कॉम्प्युटरवर दुरुस्त करतात म्हणे," दादा पुटपुटला.

"काय दुरुस्त करतील? कुणाचं तरी तोंड आणून चिकटवतील."

मग मी वाट्टेल ते बोलले. सत्तरीच्या माणसाला बोलू नये तेही बोलले. त्याने सगळं खाली मान घालून ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "मला दिसली होती. फडका टाकायच्या आधी."

इस्त्रीपेक्षा मला याचाच जास्त राग आला. सात वर्षं त्याला मिळाली होती, आणि आज पुन्हा त्यालाच दिसली.

"कशी होती?"

तो बराच वेळ आठवत राहिला. "आईसारखीच होती गं."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"कपाळापासून सांग," मी म्हणाले. "आणि घाई करू नकोस."