थर्मासच्या पोटात काय आहे

मित्रांनो, मला हलवून बघू नका. मी एक जुना स्टीलचा थर्मास आहे आणि माझ्या पोटात काय आहे, हे हलवून कोणालाच कळत नाही. आत उकळते भरा, बाहेरून मी गारच. टोपण घट्ट लावा, वासाचा मागमूस नाही. याच गुणासाठी मला बनवले आणि याच गुणाने एका घराचा घात होता होता राहिला.

एका लिफ्ट-मिस्त्रीच्या बायकोने मला दुकानातून घरी आणले. रोज सकाळी ती माझ्यात चहा भरायची. मिस्त्री आणि त्याचा जोडीदार इमारतींच्या माथ्यावरच्या मशीनच्या खोलीत बसून, ग्रीसने माखलेल्या हातांनी तो प्यायचे. "वहिनींचा चहा म्हणजे काय विचारता!" जोडीदार म्हणायचा. कौतुक वहिनींचे, पण त्यातले थोडे मीही लाटायचो.

पुढे मिस्त्रीला दारू लागली. कशी लागली ते मला ठाऊक नाही. मला एवढेच ठाऊक, की सकाळचा चहा वाटेत गटारात जाऊ लागला आणि माझ्यात दुसरेच काही भरले जाऊ लागले. आता तो जोडीदाराला घोटभरही देईना. "काय रे, चहा आहे की अमृत?" लोक थट्टा करायचे. मिस्त्रीही हसायचा. मला मात्र धडकी भरायची, कारण मला टोपण लावताना त्याचा हात थरथरायचा आणि त्याच हाताने तो लिफ्टचे ब्रेक आवळायचा.

एका दुपारी त्याने ब्रेकचा नट अर्धवटच आवळला आणि हाक मारली, "झालं काम! ये वर!"

जोडीदार खालून लिफ्टमध्ये चढला. मित्रांनो, ब्रेकने धरले नाही की एकट्या माणसाची हलकी लिफ्ट खाली पडत नाही; दोराच्या दुसऱ्या टोकाचे जड वजन खाली जाते आणि ती वर पळते. थांबायचा मजला आला आणि गेला. मी मिस्त्रीशेजारी जमिनीवर ठेवलेला होतो. आमच्या पायाखाली असा दणका बसला, की मी आडवा झालो. मिस्त्रीने जोडीदाराला हाका मारल्या. खालून उत्तर येईना. बऱ्याच वेळाने कण्हणे ऐकू आले.

जोडीदार वाचला, पण त्याचा हात मोडला. कामावरच्या मालकाला त्याने काही सांगितले नाही. मिस्त्रीची बायको भेटायला आली तेव्हा मात्र तो म्हणाला, "वहिनी, त्या थर्मासात चहा नसतो."

घरी येऊन तिने माझे टोपण उघडले आणि वास घेतला. दुसऱ्या दिवसापासून तिने दारू सोडवण्याच्या उपायाचा शोध सुरू केला. कोणी हात झटकले, कोणी "देवाचं नाव घ्या" म्हणाले. शेवटी दवाखान्यातल्या कंपाउंडरने आवाज खाली आणून सांगितले, "मागच्या गल्लीत शिवणवर्गाची खोली आहे. शनिवारी संध्याकाळी दारू सोडलेली माणसं तिथे बसतात. नाव कोणी विचारत नाही." मग म्हणाला, "मीही बसतो."

"आज हात मोडलाय, उद्या कोणाची तरी मान मोडेल," ती मिस्त्रीला म्हणाली. "जाणार आहात की नाही?"

तो गेला. पण परतीच्या वाटेवर लागेल म्हणून मला भरून, पिशवीत घालून गेला.

त्या खोलीची एक रीत होती आणि ती मिस्त्रीला ठाऊक नव्हती. प्रत्येकाने घरून चहा आणायचा आणि एकाच मोठ्या किटलीत ओतायचा. पूर्वी सगळे लपून, एकेकटे प्यायचे; म्हणून आता सगळ्यांनी एकाच किटलीतले प्यायचे. किटली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मावशींना पिशवीतून डोकावणारा मी दिसलो. "पहिल्याच दिवशी चहा आणलास? गुणाचा आहेस रे!" म्हणत त्यांनी मला उचलले.

किटलीला लागूनच एक ड्रायव्हर बसला होता. नुकतीच सोडलेली. रिकामा कपही त्याला दोन्ही हातांनी धरावा लागत होता. माझे टोपण एक आटा सैल झाले. आणखी एक. मिस्त्रीने दाराकडे पाहिले. दार उघडे होते. पळाला असता तर कोणी अडवले नसते, पण वास त्या ड्रायव्हरच्या नाकात शिरला असता. आता याच्या हातून आणखी एका माणसाचा घात होणार, असे मला वाटले.

"मावशी, उघडू नका!" मिस्त्री ओरडला. "चहा नाही त्यात. दारू आहे. माझी आहे."

मावशींनी टोपण पुन्हा आवळले आणि मला त्याच्या हातात दिले. "बरं झालं बोललास. मोरी तिकडे आहे. मी नाही ओतणार, तुलाच ओतायला हवी."

त्याने मोरीपाशी जाऊन मला पालथे धरले. मग मी रिकामा झालो.

मित्रांनो, आता दर शनिवारी माझ्यात खरा चहा असतो. पण त्या खोलीच्या वाटेवर तेच जुने दारूचे दुकान लागते, जिथे तो मला भरून घ्यायचा. तिथे आले, की मिस्त्रीची पावले अजून मंदावतात आणि हात माझ्या टोपणावर येतो. त्याला ओतायला सांगणाऱ्या मावशी त्या रस्त्यावर नसतात. मला तोंड आहे, पण हाक मारता येत नाही. तुम्हाला येते. तुमच्या घरातले कोणी अशा खोलीकडे निघाले, तर त्याला नुसता पत्ता देऊ नका. चपला घाला आणि ते दुकान मागे पडेपर्यंत त्याच्याबरोबर चाला.