प्रमुख पाहुण्यांची खुर्ची

यंदा सव्वीस जानेवारीच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. माझ्याकडं! पाचवीपासून हजेरीलासुद्धा पुटपुटणारी मी! आणि प्रमुख पाहुणी कोण, तर माझीच ताई, डॉ. तेजश्री. पत्रिकेत नाव छापलं होतं.

ताई बंगळुरात पीएचडीनंतरचं संशोधन करते. माणसाच्या मेंदूच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, त्यांना विजेचे बारीक ठोके द्यायचे आणि त्या काय उत्तर देतात ते टिपायचं. मेंदूसारखा, थोडक्या विजेवर चालणारा कॉम्प्युटर करायचाय त्यांना. हे मी शेजारच्या छबुमावशीला समजावलं, तर ती म्हणते, "मंग आमच्या पोरासाठी, रामसाठी आणाय सांग की थोडा मेंदू!"

आई-दादा दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेत. मावशी फक्त झोपायला येते. बाकी घरात मी आणि शेळी. सूत्रसंचालनाची सगळी तालीम मी शेळीसमोरच केली.

आदल्या दिवशी ताईचा फोन आला. "धने, न्हाई जमायचं गं. पेशींचं खाद्यपाणी एक दिवसाआड बदलावं लागतं. माझ्याबदली करणारी मुलगी तापानं पडली. सोडून आले तर सहा महिन्यांच्या पेशी मरतील."

"मग माझं?" एवढंच निघालं तोंडातून.

गॅदरिंगला मी तुफान बोलले. टाळ्याच टाळ्या! पण प्रत्येक नाव पुकारताना ती मधली रिकामी खुर्ची दिसायची. तिच्यावर शाल आणि नारळ तसेच.

घरी येऊन कुलूप काढलं. शेळीला सगळं सांगणार, तेवढ्यात फोन वाजला.

"सांग," ताई म्हणाली. "स्पीकरवर हायस. हात कामात हायत माझे."

"तिथं कोण कोण हाय?"

"मी आणि पेशींच्या बश्या. सुट्टी हाय ना आज."

"ताई, त्यांना ठोकेच न्हाई दिले तर?"

"तर आपल्या आपल्यातच बोलाय लागतात. सगळ्या एकदम. कुणी विचारलेलं नसतं, तरी."

मी शेळीकडं बघितलं. "ताई, तू बोलतीस का गं त्यांच्याशी?"

"लई."

मग मी उभी राहिले, घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरू केलं. "सन्माननीय व्यासपीठ, आणि आजच्या प्रमुख पाहुण्या..."

मधेच थांबले. "ताई, हायस ना?"

"हाय. टाळ्या न्हाई वाजवता यायच्या, हातमोजे हायत. बोल तू."