श्वासापुरती शांतता

सभागृहात सगळे त्याला भोंगा म्हणत. हे नाव समोरच्या बाकांवरच्यांनी चिडून ठेवलं होतं, पण त्याच्या पक्षाने ते उचललं आणि निवडणुकीच्या पत्रकांवरही छापलं. आमदार म्हणून तो एकदाही सत्तेच्या बाजूला बसला नव्हता. ज्या वेळी पक्ष जिंकला त्या वेळी नेमका तो पडला, आणि तो निवडून आला की पक्ष पडायचा.

"तुमचं आणि सत्तेचं सासू-सुनेसारखं आहे," बायको म्हणायची. "एक घरात आली की दुसरी बाहेर."

त्याच्याकडे एकच काम असे, कामकाज बंद पाडायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. नुसतं ओरडलं तर घसा लगेच बसतो आणि अध्यक्ष शांतपणे पुढचा विषय घेतात. म्हणून नव्या आमदारांना तो मागच्या खोलीत बसवून शिकवायचा. आवाज पोटातून काढा. घोषणा छोटी ठेवा. आणि मी हात वर केला की सगळ्यांनी एकदम थांबायचं, श्वास भरून घ्यायचा आणि माझ्याकडे बघायचं. नवी घोषणा मी देईन. मुलं हुशार होती, चटकन शिकली. त्या थांब्यात सभागृह इतकं शांत व्हायचं की पंख्याची कुरकुर ऐकू यायची.

अलीकडे तो दमला होता. घरी चहा मागतानाही आवाज चढायचा, मग त्याचा त्यालाच राग यायचा.

त्याची मोठी बहीण मतदारसंघातल्या एका शाळेत मुख्याध्यापिका होती. तो तिला ताई म्हणे, आणि तो म्हणतो म्हणून सगळं गाव म्हणे. शाळेसमोरचा रस्ता रुंद केला तेव्हा घरं एका बाजूला राहिली आणि शाळा दुसऱ्या बाजूला. तेव्हापासून शाळा भरताना आणि सुटताना ताई पाण्याच्या पिंपाचं लाल झाकण हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहायची. ट्रक थांबायचे, मुलं पलीकडे जायची. गुडघा दुखायला लागल्यावर ती झाकणाबरोबर एक स्टूलही आणू लागली.

"महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय," ती स्टुलावर बसता बसता म्हणाली. "मग इथे कोण उभं राहणार?"

"नव्या बाई येतील ना."

"कधी येतील ते तुझं सरकारच जाणे."

"माझं कुठलं सरकार, ताई!"

"तेच म्हणते मी. इतकी वर्षं ओरडलास, एक पादचारी पूल आला नाही. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात." तिच्या आवाजात राग नव्हता. गणित चुकलेल्या पोराला सांगावं तसं ती सांगत होती. मग म्हणाली, "परवा दुसरीतल्या एका पोरीची चप्पल ट्रकखाली गेली. नुसती चप्पलच गेली, म्हणून तुला सांगू शकतेय."

त्याने पुलाबद्दल प्रश्न दिला. आश्चर्य म्हणजे अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी तो यादीत पहिला लागला. रस्ते खात्याचा मंत्री कॉलेजात त्याच्याच खोलीत राहायचा. तो व्हरांड्यात गाठ पडल्यावर म्हणाला, "भोंग्या, तू विचार, मी हो म्हणतो."

"मग आत्ताच म्हण की."

"इथे म्हटलेलं माझे अधिकारीसुद्धा धरत नाहीत. आत उभं राहून म्हटलं की ते आश्वासन होतं. मग खात्याला ते पुरं करावंच लागतं, मी मंत्री असो वा नसो." तो हसला. "फक्त तुझ्या लोकांनी मला बोलू दिलं पाहिजे."

शेवटच्या दिवशी सकाळी पक्षाच्या खोलीत बैठक झाली. नेता वयाने त्याच्या मुलासारखा. त्याच खुर्चीवर आधी नेत्याचे वडील बसत.

"आज पहिल्या मिनिटापासून कामकाज बंद," नेता म्हणाला. "काका, सुरुवात तुमची."

"पहिला प्रश्न माझा आहे. तेवढा होऊ द्या, मग दिवसभर ओरडतो."

"काका, कॅमेरे सुरुवातीलाच असतात. नंतर कोण बघतंय? तुम्हाला लेखी उत्तर मिळेलच."

"लेखी उत्तरात 'विचाराधीन' असं येतं."

"मग राहू दे विचाराधीन. आपलं सरकार आलं की पहिला पूल तुमचा."

हे वाक्य त्याने नेत्याच्या वडिलांच्या तोंडूनही ऐकलं होतं.

उठताना नेत्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि काका, तिकिटांची चर्चा सुरू आहे. नव्यांना संधी द्या म्हणतायत सगळे. आज तुमचा आवाज दिसू दे."

घंटा झाली. अध्यक्षबाई येऊन बसल्या. त्यांनी पहिल्या प्रश्नाचा पुकारा केला आणि त्याच क्षणी त्याच्या पक्षाचे सगळे आमदार अध्यक्षांच्या आसनासमोर धावले. तोही गेला. मन नव्हतं, पण घशाला सवय होती. पहिली घोषणा त्यानेच दिली. त्याच्या मागून शिकवलेली पोरं अशी काही गरजली की ऐकून त्याला क्षणभर बरंही वाटलं.

"सदस्यांनी जागेवर जावं," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या. मग त्यांनी तहकुबीसाठी घंटेकडे हात नेला.

समोर मंत्री कागद उघडून बसला होता. तो कागदाकडे बघत नव्हता, त्याच्याकडे बघत होता. अधिवेशन संपलं की प्रश्न संपणार होता, आणि पुढच्या अधिवेशनाच्या आधी ताई घरी बसणार होती. त्याला स्टुलाशेजारी टेकवलेलं ते लाल झाकण आठवलं.

त्याने हात वर केला.

सगळे एकदम थांबले. सगळ्यांनी श्वास भरून घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. पंखा कुरकुरला.

"अध्यक्षमहोदया," तो साध्या आवाजात म्हणाला, "माझ्या प्रश्नातल्या शाळेसमोर पादचारी पूल होणार का?"

अध्यक्षबाईंचा हात घंटेवरच राहिला. "प्रश्न आपल्या जागेवरून विचारायचा असतो, हे सदस्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तरी मंत्र्यांनी उत्तर द्यावं."

मंत्री केव्हाच उभा राहिला होता. "होय. पूल मंजूर करत आहोत. काम याच वर्षी सुरू होईल."

शेजारचा तरुण आमदार छाती फुगवून अजून तसाच उभा होता. तो कुजबुजला, "काका, घोषणा कुठली?"

समोरच्या बाकांवर हशा पिकला. मग उरलेल्यांनी आपापल्या मनाने ओरडायला सुरुवात केली, पण ताल गेला होता.

बाहेर आल्यावर नेता त्याला बाजूला घेऊन गेला. चिडलेला होता, तरी बोलला हळू. "काका, तुम्ही आपल्याच माणसांना तोंडघशी पाडलंत."

"हो," तो म्हणाला.

"आता विश्रांती घ्या तुम्ही. खूप केलंत पक्षासाठी."

इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर विश्रांतीचा अर्थ विचारावा लागत नाही. त्याने मान हलवली. वाद घालायचं त्राणही नव्हतं.

घरी बायकोने दार उघडताच विचारलं, "मिळाला का पूल?"

"शब्द मिळाला."

"आणि तिकीट?"

"ते गेलं."

तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली. "बसा. चहा टाकते. आणि आता घरात तरी हळू बोलत जा."

पुढच्या अधिवेशनात तो मागच्या बाकावर होता, आणि त्यानंतर कुठल्याच बाकावर नव्हता. शाळेसमोर खात्याची माणसं आली, त्यांनी मोजमाप केलं, खुंट्या ठोकल्या, एका बाजूला खड्डा खणला. पूल व्हायला अजून अवकाश होता. ताईची निवृत्ती मात्र वेळेवर झाली होती आणि नव्या बाई आल्या नव्हत्या.

म्हणून एका सकाळी तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. ताई कडेला स्टुलावर बसली होती. समोरून ट्रक आला. "थांबा! थांबा!" त्याने पोटातून आवाज काढला. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

"अरे, ओरडतोस काय?" ताई म्हणाली. "काचा बंद असतात त्यांच्या. झाकण छातीसमोर धर. सरळ त्याच्या डोळ्यांत बघ. आणि शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत हलायचं नाही."

त्याने झाकण छातीसमोर धरलं. पुढचा ट्रक वळणावर दिसला, जवळ आला, वेग कमी करत करत त्याच्यापासून थोड्या अंतरावर थांबला. ड्रायव्हरने जांभई दिली. मुलं रस्ता ओलांडायला लागली.

नव्या चपला घातलेली एक मुलगी ताईपाशी थबकली. "ताई, हे नवे सर का?"

"हो. शिकतायत अजून," ताई म्हणाली. "तू चल पुढे. सर, हात खाली येतोय तुमचा."

त्याने हात वर केला आणि गप्प उभा राहिला.