शोकेसमधली मधली जागा

फोटोग्राफर शोकेसमध्ये अर्धा शिरला होता. एक गुडघा आत, एक पाय बाहेर. त्या अवघडलेल्या अवस्थेत त्याने मधल्या खिळ्यावरची मोठी फ्रेम उचलली, छातीशी धरली आणि तसाच मागे मागे सरकत बाहेर आला. फ्रेमचा कोपरा लागून शेजारचा शाळकरी मुलीचा फोटो वाकडा झाला.

"काच पुसायला फ्रेम काढलीस?" बायकोने विचारलं. ती काउंटरमागे बसून पासपोर्टचे फोटो कापत होती.

"हं."

"काच कालच पुसलीये मी."

फ्रेमचं तोंड भिंतीकडे करून त्याने ती आत पडद्यामागे उभी केली आणि रिकाम्या खिळ्यावर एका गुटगुटीत बाळाचा फोटो लावला. बाळाबद्दल कुणाची काही तक्रार असायचं कारण नव्हतं.

काढलेला फोटो दोन नवरदेवांचा होता. अशा लग्नांना परवानगी देणारा कायदा झाला त्याच वर्षी, नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर काढलेला. उंच मुलगा मान मागे टाकून हसतोय आणि दुसरा, ठेंगणा, त्याची कॉलर नीट करतोय. दोघांचंही कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. आयुष्यात इतका चांगला फोटो आपल्या हातून पुन्हा निघाला नाही, हे फोटोग्राफर कुणालाही सांगायचा. आणि आता मतदान तोंडावर आलं होतं. परंपरावाल्यांचा पक्ष येणार असं सगळेच म्हणत होते, आणि आल्या आल्या असली लग्नं रद्द करणार असं तो पक्ष स्वतःच म्हणत होता. संध्याकाळी त्यांची मिरवणूक याच रस्त्याने जायची होती.

"कुणी काही बोललं का तुला?" बायकोने विचारलं.

"बोलायला कशाला हवं? पलीकडच्या पुस्तकाच्या दुकानावर रंग फेकला तेव्हा कुणी आधी सांगून गेलं होतं का? शिवाय ती तुझी इन्स्पेक्टरीण रोज बघून जाते."

इन्स्पेक्टरीण म्हणजे पिशवी घेऊन जाणारी एक वयस्कर बाई. कोटावर त्या पक्षाचा बिल्ला. रोज सकाळी शोकेससमोर थांबायची, ओठ घट्ट मिटून त्या फोटोकडे बघायची आणि निघून जायची. नाव बायकोनेच ठेवलं होतं, गमतीत.

"परवा मित्रांसमोर तर म्हणत होतास, ते आले तर असे आणखी दोन लावीन..." बायको म्हणाली आणि पुढचं वाक्य गिळून तिने कात्री चालवायला घेतली.

मिरवणूक आली, गाणी म्हणत गेली. एकीने कडेवरच्या मुलाला सावरत दारातून विचारलं, "शनिवारी उघडं असतं का हो?" शोकेसकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला हायसं वाटायला हवं होतं. तो दारात उभा राहून हात हलवत राहिला, आणि शेवटचा माणूस वळणाआड गेल्यावर त्याला आपला हात अजून वरच असल्याचं दिसलं.

पक्ष जिंकला. थोडाथोडका नाही, चांगला दणदणीत.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टरीण शोकेससमोर थांबली. बराच वेळ थांबली. मग पहिल्यांदाच दार ढकलून आत आली.

"या ना काकू, बसा," फोटोग्राफर लगबगीने पुढे झाला. तिच्या कोटावरच्या बिल्ल्याकडे बघत तो म्हणाला, "अभिनंदन."

शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्याला तो ऐकू आला. काउंटरमागची कात्री थांबली.

बाई बसली नाही. "मधला फोटो काढलात?"

"हो, हो. कधीच काढला. म्हणजे, मिरवणुकीच्या आधीच. तुम्हाला त्रास होत असणार, लक्षात आलं होतं माझ्या. परत नाही लावणार, काळजी करू नका."

"फेकला नाहीत ना?"

"नाही, आत आहे. पण सांगत असाल तर..."

"त्यातला उंच मुलगा माझा आहे," बाई म्हणाली.

बायको उठली, पडद्यामागे गेली आणि फ्रेम घेऊन आली. हातातल्या फडक्याने ती पुसून तिने काउंटरवर उभी धरली. बाईने पिशवी खाली ठेवली. एक बोट काचेवर, कॉलरपाशी टेकवलं.

"लहानपणापासून याच्या कॉलरची एक बाजू वर. लग्नाच्या दिवशीसुद्धा तेच."

"पण हा नीट करतोय बघा," बायको हळूच म्हणाली.

"हो. ते बघितलंय मी."

बाहेरून कुणीतरी मोठमोठ्याने हसत गेलं. ते लांब जाईपर्यंत बायकोने दाराकडे नजर ठेवली.

"भेटतो का तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"दुसऱ्या गावी असतात दोघं. फोन करतो. उचलायचा नाही, असं आमच्या ह्यांनी ठरवलंय." तिने बोट काढून घेतलं. मग फोटोग्राफरकडे वळून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, यांचं लग्न राहील का आता?"

"मोडणार म्हणतात."

"म्हणतात ते ऐकलं होतं मी. मला वाटलं, निवडणुकीत बोलतात तसं बोलतायत." तिचा हात बिल्ल्यापाशी गेला आणि उगाच कोटाचं बटण लावून खाली आला. "मतही दिलं. आमच्याकडे सगळे तिकडेच देतात."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. आपण तिकडे मत दिलं नव्हतं, हे सांगायला त्याची जीभ वळवळली. पण आपल्या मताचा त्या दोन मुलांना काय उपयोग झाला, ते त्याला सांगता आलं नसतं.

"घेऊन जा तुम्ही," तो म्हणाला. "खरंच. बांधून देतो."

"घरी कुठे ठेवू?" बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर त्याला बरं वाटलं असतं. "इथं बरा होता. येता-जाता दिसायचा." तिने पिशवी उचलली. "पण तुम्हालाही भीती वाटणारच. दुकान आहे तुमचं."

ती गेली. त्याने लगेच बाळाचा फोटो उतरवला आणि भर दिवसा, रस्त्यावर वर्दळ असताना, पुन्हा शोकेसमध्ये शिरला. फ्रेम टांगण्याआधी त्याने काचेतून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आपण असं पाहिलं हे बायकोने पाहिलं, तेही त्याला कळलं.

शनिवारी बाई आली ती नवऱ्याबरोबर. मुलगा कुणावर गेला होता, ते लांबूनच कळत होतं. बाई शोकेसकडे न बघता पुढे जाऊ लागली आणि अचानक थांबली. पिशवी नवऱ्याच्या हातात देऊन ती खाली वाकली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. एका बुटाची झाली, मग दुसऱ्याची सोडली. म्हातारा पिशवी धरून उभा. त्याने रस्त्याकडे पाहिलं, दिव्याच्या खांबाकडे पाहिलं, स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाईची नाडी काही संपेना. शेवटी बघायला समोरची काच तेवढी उरली.

"बघ," काउंटरमागून बायको कुजबुजली. "अरे, बघ तरी."

फोटोग्राफरने तिच्या हातातली कात्री घेतली, पासपोर्टच्या फोटोंचा कागद पुढे ओढला आणि मान खाली घालून कडा कापत राहिला.