रक्तपेढीतला रविवार

मित्रांनो, रक्तपेढीच्या मागच्या खोलीत घरघर करत बसलेला जुना सर्व्हर, तो मी. सर्व्हर म्हणजे सगळ्यांसाठी माहिती सांभाळणारा संगणक. तीन लाख रक्तदात्यांची नावं, रक्तगट आणि फोन नंबर माझ्या पोटात आहेत.

माझी निगा ताई राखायच्या. दर रविवारी दुपारी स्टूल ओढून त्या माझ्यासमोर बसत. माझी एक खोड आहे. नोंद पुसली तरी तिची जागा मी सोडत नाही. कुणी हुकूम देईपर्यंत अडगळ साठतच जाते. ताई ती काढत, कोणती नोंद कुठे आहे ते सांगणारी शोधसूची नव्याने बांधत, सगळ्याची एक प्रत घेत. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय उठत नसत. "उघडली नाही तर प्रत कसली?" म्हणायच्या. मला त्यांचा फार लळा लागला होता.

मग ताई निवृत्त झाल्या. नवे साहेब आले आणि रक्ताच्या पिशव्यांच्या नोंदींसाठी नव्या घडणीचा संगणक आला. तो आपली साफसफाई आपणच करतो, गुणाचा आहे. साहेबांना वाटलं, आम्ही सगळे तसेच. ताईंनी लिहून ठेवलेला कागद वाचून ते म्हणाले, "हे हल्ली आपोआप होतं." त्याचं होत होतं हो, माझं नव्हतं. पण बोलणार कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आठ महिने गेले. एका दुपारी इस्पितळातून फोन आला. बाळंतिणीला दुर्मिळ गटाचं रक्त हवं होतं, तेही तासाभरात. आमच्याकडे फोन घेणाऱ्या मावशींनी मला दाता शोधायला सांगितलं. पूर्वी मी चुटकीसरशी सांगितलं असतं. आता अडगळीतून एकेक नोंद चाचपत राहिलो. वीस मिनिटं गेली. "बघतेय हो, बघतेय," मावशी फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी घाबरून ताईंना फोन लावला.

"रविवारची साफसफाई कोण करतं?" ताईंनी विचारलं.

"मला वाटलं, तो स्वतःच करतो."

"नवा करतो. हा नाही करत. असू दे, आता सगळं नको. शोध थांबवा आणि फक्त रक्तगटाची शोधसूची बांधा."

सहा मिनिटांत सात नावं निघाली. चौथ्या दात्याने फोन उचलला. पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला, पिठाच्या हातांनी धावत आला. बाळंतीण वाचली.

त्या रविवारी साहेब स्वतः स्टूलवर बसले. पायरीपायरीला अडत आणि ताईंना फोन लावत. मग दर रविवारी तासभर फोनमधून ताईंचा आवाज खोलीत असायचा. साहेब मन लावून शिकले. गेल्या रविवारी ताईंना फोन करावाच लागला नाही.

मित्रांनो, ज्याला सांभाळायचं त्याची खोड आधी विचारून घ्या; एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. साहेबांनी ते ओळखलं, माझी काही तक्रार नाही. फक्त साहेब, एखाद्या रविवारी एखादी पायरी विसरा हो.